खुराचा रस्सा उन्हाळ्यात थिजत नाही: माशांच्या खाद्यातल्या बांधणीचं एक प्रकरण

माझा एक जुना विद्यार्थी भंडारा जिल्ह्यात, लाखांदूर तालुक्यातल्या एका गावात शोभेचे मासे वाढवतो. बारावीत असताना त्याचं लक्ष फळ्यापेक्षा खिडकीबाहेरच्या बोडीकडे, म्हणजे छोट्या तळ्याकडे, जास्त असायचं, त्यामुळे तो पुढे माशांत गेला याचं मला नवल वाटलं नाही. या भागाला मासे काही नवे नाहीत. माजी मालगुजारी तलाव, गावोगावच्या बोड्या, ढिवर समाजाची पिढीजात मासेमारी, सगळं इथलंच. पण काचेच्या पेटीत ठेवायचे मासे म्हणजे गावाच्या लेखी पोरखेळ. गप्पी तेवढा सगळ्यांच्या ओळखीचा, कारण डासांच्या अळ्या खातो म्हणून आरोग्य खात्याची माणसं तो डबक्यांत आणून सोडतात. "सरकार फुकटात सोडते तो मासा हा पोट्टा विकून राहिला," असं लोक हसत सांगतात.

घरामागे टिनाच्या छपराखाली सिमेंटच्या चार टाक्या, आत पडवीत काचेच्या तीन. गप्पी, मोली आणि गोल्डफिश. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणची दुकानं त्याच्याकडून मासे नेतात. विकतचं खाद्य परवडेना म्हणून दिवाळीनंतर त्याने ते घरीच करायला घेतलं. सुके झिंगे, भाजलेल्या सोयाबीनचं पीठ, उकडलेला पालक, थोडं गाजर आणि लसणाच्या दोन पाकळ्या मिक्सरमधून काढायच्या, गरम पाण्यात विरघळवलेल्या जिलेटिनमध्ये कालवायच्या आणि ताटात ओतून फ्रीजमध्ये ठेवायच्या. दोन-तीन तासांत बर्फीसारखी वडी पडते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे झकास चाललं. एका दुकानदाराने तर माशांसोबत वड्याही विकत मागितल्या.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्याचा फोन आला. "सर, पानी दुधावानी होऊन राहिलं. सकाळी उठून पाहतो तं दोन-चार मेलेले."

मी जाईपर्यंत त्याचे बरेच उपाय करून झाले होते. आधी त्याला रोग वाटला, म्हणून मीठ टाकलं, मग दुकानात मिळणारं निळं औषध. मग एका दुकानदाराने सांगितलं की खाद्यात चिकटपणा कमी आहे, म्हणून जिलेटिन दुप्पट केलं, मग तिप्पट. तेही चालेना तेव्हा बाभळीचा डिंक. एका खेपेला माशांना रंग यावा म्हणून परसातल्या अर्धवट पिकलेल्या पपईचा गर घातला, तर ती खेप फ्रीजमध्ये रात्रभर ठेवूनही घट्टच झाली नाही. शेवटी मैद्याच्या गोळ्या वळून वाळवल्या, त्या पाण्यात पडल्या पडल्या पसरल्या. यातलं एक न् एक त्याने तारीख घालून वहीत लिहून ठेवलं होतं. ती वही नसती तर मीही त्याच्यासारखाच अंदाज करत बसलो असतो.

एका गोष्टीकडे मात्र वहीत लक्ष गेलेलं नव्हतं. पाण्याचं तापमान कुठेच लिहिलेलं नव्हतं.

चार ग्लास

रविवारी दुपारी तीनला पोचलो. बाहेर ऊन असं की गाडीच्या सीटवर बसवत नव्हतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला साधा थर्मामीटर सोबत नेला होता. पडवीतल्या काचेच्या टाकीत ३१ अंश. टिनाखालच्या सिमेंटच्या टाकीत ३३ला वर थोडं. हे एप्रिलमधलं. मे महिन्यात आमच्याकडे बाहेरचा पारा ४५च्या पुढे जातो, तेव्हा काय होत असेल ते सांगायला नको.

चार सारखे ग्लास घेतले, टाकीचंच पाणी भरलं आणि ते टाकीतच गळ्यापर्यंत बुडवून ठेवले, म्हणजे ग्लासातलं पाणी गार होणार नाही. पहिल्यात नेहमीची जिलेटिनची वडी, दुसऱ्यात तिप्पट जिलेटिनची, तिसऱ्यात डिंकाची वाळलेली गोळी, चौथ्यात मैद्याची. घड्याळ लावलं आणि दोघंही टाकीच्या कठड्यावर बसलो.

डिंकाच्या गोळीभोवती मिनिटभरात पिवळसर धूर उतरायला लागला. गोळी फुटली नाही, नुसती झिजत गेली, तोंडातल्या खडीसाखरेसारखी. मैद्याची गोळी आधी फुगली, तिला तडे गेले, मग कडेकडेने पापुद्रे सुटून तळाशी बसायला लागले. ग्लास हलवला की पाणी ढवळून पांढरं.

जिलेटिनच्या वडीचं मात्र वेगळंच. तीन मिनिटं तिला काहीच झालं नाही. मग तिचे कोपरे गेले. चौकोनी वडीचे आठही कोपरे गोल झाले, जणू साबणाची वडी वापरून वापरून झिजलीय. मग ती खाली बसली, पसरट झाली, वरचा पृष्ठभाग चकचकीत दिसायला लागला. सातव्या मिनिटाला तिच्यातून पालकाचा एक हिरवा तुकडा आपोआप सुटून वर आला, आणि त्याच्या मागोमाग झिंग्याचा भुगा. बाराव्या मिनिटाला ग्लासात वडी नव्हती, तळाला चोथा आणि वर दुधाळ पाणी होतं. तिप्पट जिलेटिनच्या वडीने हेच सगळं केलं, फक्त सावकाश. तिला वीस मिनिटं लागली.

तेवढ्यात त्याची आई चहा घेऊन आली. ग्लासाकडे पाहत तिने विचारलं, "हे जिलेटिन म्हणतात ते कायचं बनते जी?" मी सांगितलं, जनावरांची हाडं, कातडी उकळून काढतात. ती म्हणाली, "मंग ते खुराच्या रश्श्यावानीच झालं ना. थंडीत गंजात थिजून बसते, चमच्यानं कापा लागते. उन्हाळ्यात कुठं थिजते ते?"

मी बोर्डावर दहा वर्षं प्रथिनांच्या रचना काढतो आहे. इतक्या सोप्या शब्दांत मला ते सांगता आलं नव्हतं.

चिकटतं कशाला आणि धरतं कशाला

बोकडाच्या खुरांच्या रश्श्यात जे उतरतं तेच जिलेटिन: कोलॅजेन नावाचं प्रथिन पाण्यात उकळून सुटं झालेलं. गार झालं की त्याचे लांब धागे एकमेकांत गुंततात, मध्ये पाणी अडकतं आणि जेली तयार होते. पण ही गुंतण तापमानाची गुलाम. जिलेटिनच्या दर्जाप्रमाणे थोडं मागेपुढे होतं, तरी तिशीच्या आसपास ती सैल पडायला लागते आणि पस्तिशीच्या आत सगळं पातळ होतं. म्हणूनच जिलेटिनची मिठाई तोंडात विरघळते. डिसेंबरमध्ये त्याच्या टाकीत २० ते २२ अंश पाणी असेल, तेव्हा वडी तासभर टिकायची. ३३ अंशांत टाकली की ती तोंडातच टाकल्यासारखी.

प्रमाण तिप्पट केल्याने वडी कडक झाली, वितळायला वेळ लागला, पण वितळण्याचं तापमान फारसं सरकलं नाही. उलट पाण्यात तिप्पट प्रथिन गेलं. आणि ते प्रथिनही फारसं कामाचं नाही. त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल जवळजवळ नसतंच, त्यामुळे त्याच्या भरवशावर मासा वाढत नाही. वहीत त्याने जिलेटिनमुळे "प्रोटीन वाढलं" असं लिहून पुढे टिक केली होती. ती टिक मी खोडली.

पपईचं कोडं त्याच्या आईनेच अर्धं सोडवलं. मटण लवकर शिजावं म्हणून कच्ची पपई लावतात ना, तेच. पपईच्या चिकात पपेन नावाचं विकर असतं, ते प्रथिनाचे तुकडे करतं. कच्च्या फळात ते जास्त, पिकत जाईल तसं कमी. जिलेटिन प्रथिनच, त्यामुळे धागे तुटले आणि फ्रीज काही करू शकला नाही. गर उकळून घेतला असता तर विकर निकामी झालं असतं.

डिंकाबद्दल मात्र सगळ्यांचाच घोटाळा होतो, कारण हाताला तो सगळ्यांत चिकट. लाडू धरतो, पाकीट चिकटवतो, मग खाद्य का धरणार नाही? बाभळीचा डिंक पाण्यात पूर्ण विरघळतो, हाच त्याचा गुण. धावड्याचा डिंकही पाण्यात फुगून पसरतो. कोरड्यात तो सिमेंटसारखा आणि ओल्यात पाण्यासारखा. माशाला खाद्य पाण्यातच मिळतं, त्यामुळे कोरड्या गोळीवर नख मारून ती किती टणक आहे हे पाहण्याला काही अर्थ उरत नाही. दुकानदार जो "चिकटपणा" म्हणत होता, तो चुकीच्या जागी तपासला जात होता.

मैद्याचं कारण वेगळं. स्टार्च कच्चा असेल तर तो वाळूसारखे बारीक दाणे असतो, पाण्यात नुसता ओला होतो. त्याला पाण्यासकट शिजवलं की दाणे फुगून फुटतात आणि खळ तयार होते. गव्हाच्या स्टार्चचं हे ६० अंशांच्या आसपास होतं, तांदळाचं साधारण ७० ते ७८ अंशांच्या दरम्यान. मैद्यात ग्लुटेनही असतं आणि कणीक तिंबली की ते धरतं खरं, पण या पोराने मैदा झिंग्यांच्या पुडीत नुसता ओलसर करून वळला होता. ना तिंबला, ना वाफवला.

मासे का मेले

यावर मला जास्त वेळ घालवावा लागला नाही, पण सांगायला हवं, कारण त्याचा संशय शेवटपर्यंत "विषारी जिलेटिन"वर होता. जिलेटिनने कोणी मेलं नाही. विरघळलेलं प्रथिन आणि झिंग्यांचा भुगा जिवाणूंना मेजवानी. ते वाढले म्हणून पाणी दुधाळ झालं. ते प्राणवायू खातात आणि कुजताना अमोनिया सुटतो. पाणी तापलं की त्यात प्राणवायू आधीच कमी मावतो: २५ अंशांना लिटरमागे साधारण सव्वाआठ मिलिग्रॅम, ३५ अंशांना सातच्या आसपास. अमोनियाचं उलट. त्याचा विषारी, वायुरूप भाग तापमान आणि सामू (pH) वाढला की वाढतो. सामू ८ असेल तर २५ अंशांना एकूण अमोनियाच्या साडेपाच टक्क्यांच्या आत असलेला हा भाग ३० अंशांना साडेसात टक्क्यांवर जातो. त्याच्या बोअरच्या पाण्याचा सामू पट्टीवर आठच दिसला.

पहाटे मासे का मरायचे, तेही यातच आलं. रात्री शेवाळही प्राणवायू घेतं, सूर्य उगवण्याआधी तो सगळ्यांत कमी असतो, आणि त्या दिवसांत रात्री दोन-तीन तास वीज जायची तेव्हा हवेचा पंप बंद. निळ्या औषधाने यात भर घातली. अमोनियाचं नायट्रेट करणारे गाळणीतले कामाचे जिवाणू त्याने दुबळे होतात.

पहिलं काम म्हणून तीन दिवस खाद्य बंद, रोज पाव टाकी पाणी बदल आणि तळाचा चोथा रबराच्या नळीने ओढून काढणं. चौथ्या दिवशी पाणी निवळलं. एवढ्यावर तो खूश झाला असता तर प्रकरण तिथेच संपलं असतं आणि आठवड्यात पुन्हा सुरू झालं असतं.

चायना ग्रासची तीन ताटं

जिलेटिनला पर्याय म्हणून मी अगर सुचवलं. किराणा दुकानात ते चायना ग्रास म्हणून मिळतं. लाल समुद्री शेवाळांपासून काढलेली ही शर्करा, प्रथिन नाही. तिची गंमत अशी की ती विरघळते उकळत्या पाण्यात, घट्ट होते ३२ ते ४० अंशांच्या दरम्यान, आणि एकदा घट्ट झाली की ८५ अंशांपर्यंत पुन्हा वितळत नाही. म्हणजे भंडाऱ्याचा मे महिना तिच्या वाटेला जाऊ शकत नाही.

हा प्रश्न माशांच्या आधी जिवाणूंवर काम करणाऱ्यांना पडला होता, हे मी त्याला सांगितलं. १८८१मध्ये बर्लिनला रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत वॉल्थर हेस नावाचे डॉक्टर जिलेटिनवर जिवाणू वाढवत होते. उन्हाळ्यात ते वितळायचं, शिवाय काही जिवाणू ते पचवून पातळ करायचे. त्यांची पत्नी फॅनी घरी जेली आणि पुडिंगला अगर वापरायची. न्यू यॉर्कला लहानपणी जावाहून आलेल्या डच शेजाऱ्यांकडून ती ते शिकली होती. तिने ते सुचवलं. कॉख यांच्या १८८२च्या क्षयरोगाच्या निबंधात अगरचा उल्लेख आहे, तिचा नाही. "म्हणजे तिथं बी घरच्या बाईनंच सांगितलं," माझा विद्यार्थी आईकडे पाहत म्हणाला. ती चहाचे कप उचलत होती, तिने काही ऐकल्याचं दाखवलं नाही.

पावडर वडशाच्या बाजारातून आणली. पहिलं ताट फसलं. जिलेटिनच्या सवयीने त्याने ती गरम पाण्यात ढवळली, उकळली नाही. वडी झाली, पण पिठूळ, बोटाने दाबली की भुगा. अगर उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं खदखदावं लागतं, दाणा दिसेनासा होईपर्यंत.

दुसरं ताट मी समोर असतानाच फसलं आणि चूक माझी होती. अगर नीट उकळलं, पण झिंग्यांचं वाटण त्याने फ्रीजमधून थेट काढलं होतं, दगडासारखं गार. ओततानाच सळसळ असा आवाज आल्यासारखं वाटलं, आणि चमच्याला लापशीच्या गाठींसारखं काही तरी लागायला लागलं. अगर गार वाटणाला लागता लागता जागीच गोठत होतं, त्यामुळे जाळं एकसंध बनण्याऐवजी त्याचे शेकडो सुटे तुकडे झाले. वाटण आधी कोमट करून घ्यायला हवं हे मला ठाऊक होतं. सांगायचं राहिलं.

तिसऱ्या वेळी वाटणाचं भांडं कढत पाण्यात ठेवून ते ४५-५० अंशांवर आणलं, म्हणजे बोट बुडवून पटकन काढावं लागेल इतपत. अगरचं पाणीही थोडं निवू दिलं. २०० मिलिलिटर पाण्याला ५ ग्रॅम पावडर आणि त्यात २०० ग्रॅम वाटण, म्हणजे एकूण मालाच्या सव्वा टक्क्याच्या आसपास. जीवनसत्त्वाचे थेंब अगदी शेवटी, कारण क जीवनसत्त्व उष्णतेत टिकत नाही. मग वीज गेली. टिनाखाली इतका उकाडा होता की दुपारी चार वाजता ताट तसंच डुचमळत राहिलं. शेवटी कोपरात, म्हणजे मोठ्या पसरट भांड्यात, माठाचं पाणी ओतून त्यावर ताट ठेवलं तेव्हा दहा मिनिटांत वडी धरली.

ग्लासाची परीक्षा पुन्हा घेतली. एक तास, दोन तास, वडी चौकोनीच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने फोटो पाठवला. कडा अजून धारदार होत्या.

त्याने मग हौसेने अगर अडीच टक्क्यांवर नेलं आणि गोल्डफिशनी वड्या थुंकायला सुरुवात केली. गोल्डफिशची खाण्याची पद्धत बघण्यासारखी असते. तोंडात घेतो, घशातल्या दातांनी चघळतो, बाहेर सोडतो, पुन्हा घेतो. फार सैल वडी असेल तर या चघळण्यातच निम्मी पाण्यात जाते, फार कडक असेल तर तो नाद सोडतो. गप्पीला असली अडचण नाही, तो वरच्या वर टोचून मिनिटभरात पोट भरतो, त्याला टिकाऊपणा कमी चालतो पण तुकडा बारीक हवा. म्हणून सव्वा टक्काच पुन्हा. गप्पीसाठी तीच वडी किसणीवर किसून.

आणखी एक. त्याने पंधरा दिवसांचा साठा डीप फ्रीजरला टाकला, बाहेर काढला तर वड्या स्पंजासारख्या आणि ताटात पाणी. अगर गोठवून वितळवलं की पाणी सोडतं. जपानात १६५८च्या सुमारास बाहेर टाकलेली जेली थंडीत गोठली, दिवसा सुटली आणि वाळली, त्यातून सुकं अगर काढण्याची पद्धत सापडली अशी गोष्ट सांगतात. आमच्या पोराने तीच पद्धत उलट्या हेतूने शोधून काढली होती. आता तो पाच दिवसांपुरतंच करतो आणि खालच्या कप्प्यात ठेवतो.

रोजचं खाद्य: घाटा आणि सोऱ्या

अगरची वडी आठवड्यातून दोनदा ठीक. रोज ती घालणं मला पटत नव्हतं. पैशांचा हिशेब होताच, शिवाय अगर बहुतेक माशांना पचत नाही, ते नुसतं धरून ठेवतं आणि निघून जातं. रोजच्यासाठी सुकं खाद्य हवं होतं, आणि त्याची बांधणी घरातच पडून होती: तांदळाची कणी. धानाच्या मुलखात ती कोंबड्यांना टाकतात.

एप्रिल-मे म्हणजे वाळवणाचे दिवस. त्याच्या आईच्या बाजेवर कुरड्या वाळत होत्या. मी एक सुकी कुरडी ग्लासात टाकली. अर्ध्या तासाने ती मऊ झाली होती, पण तुटली नव्हती, पाणी स्वच्छ. ताईंना, म्हणजे त्याच्या आईंना, विचारलं, चीक कच्चाच घातला तर? त्या हसल्या. "कच्च्या चिकाची कुरडी होते का जी? काचेवानी दिसेपर्यंत घाटा लागते." तो काचेसारखा होण्याचा क्षण म्हणजेच स्टार्चचे दाणे फुटून खळ होण्याचा क्षण. पुढे ती वाळताना स्टार्चचे धागे पुन्हा एकमेकांना घट्ट बिलगतात आणि गार पाण्यात सहज सुटत नाहीत.

मग कृती त्यांच्या हाताने ठरली. शेकडा २५ भाग कणीचं पीठ, त्याचा आधी पाण्यात शिजवून दाट घाटा. त्यात ३५ भाग सुक्या झिंग्यांची वस्त्रगाळ पूड, ३० भाग भाजलेल्या सोयाबीनचं पीठ, १० भाग तांदळाचा कोंडा. सोयाबीन भाजणं टाळायचं नाही, कच्च्यात प्रथिनाचं पचन अडवणारे घटक असतात. हे सगळं गरम असतानाच मळायचं, शेवेच्या बारीक ताटलीने सोऱ्यातून ओल्या कापडावर पाडायचं, पंधरा मिनिटं वाफवायचं आणि सावलीत वाळवायचं. वाळल्यावर हाताने चुरून दोन चाळण्या. जाड ते गोल्डफिशला, बारीक ते गप्पी-मोलीला.

पहिल्या खेपेला शेव सोऱ्यात अडकली. झिंग्यांची टरफलं नीट दळली गेली नव्हती. जाड कण असले की नुसता सोऱ्या अडत नाही, पाण्यात त्या कणाभोवतीच तडा जातो. कितीही चांगली बांधणी घाला, भरड दळणाला ती पुरत नाही. दोनदा दळून कापडातून गाळल्यावर शेव सलग पडली.

कॉलेजच्या तराजूवर १० ग्रॅम शेव मोजली, टाकीच्याच तापमानाच्या पाण्यात अर्धा तास ठेवली, गाळली, पुन्हा वाळवून मोजली: साडेआठ. गेलेल्या दीड ग्रॅममध्ये झिंग्यांतले पाण्यात विरघळणारे पदार्थही आले. न वाफवलेल्या शेवेची हीच परीक्षा करायला गेलो तर गाळण्यात मोजण्यासारखं काही राहिलंच नाही.

हे पूर्ण खाद्य आहे असं मी म्हणणार नाही. बोडीतले पाणपिसू (पाण्यातले बारीक जीव) तो अजूनही जाळीने आणून टाकतो, आणि ते चालू ठेव असंच मी सांगितलंय. स्टार्चही यापुढे वाढवायचा नाही. गोल्डफिशला तो बऱ्यापैकी पचतो, फायटरसारख्या मांसाहारी माशाला इतका देऊ नये.

बाकी पर्याय त्याने इंटरनेटवर पाहून विचारले, त्यांची उत्तरं थोडक्यात. सोडियम अल्जिनेट उत्तम, गारच घट्ट होतं, पण ते कॅल्शियमने घट्ट होतं. आमच्या जड बोअरच्या पाण्यात ढवळतानाच गाठी होतात, त्यासाठी आरओचे कॅन आणावे लागले असते. गवार गम थोडासा चालतो, जास्त झाला की आतड्यात बुळबुळीत होऊन पचन मंदावतो. जवस उकळून येणारा बुळबुळीत चीक आम्ही गंमत म्हणून करून पाहिला, उतेऱ्याचं, म्हणजे उभ्या धानात पेरलेलं, जवस घरातच होतं. शेव गुळगुळीत पडते, सोऱ्या अडत नाही, पण एकट्याने पाण्यात धरत नाही. आता एक चमचा घाट्यात घालतात. सरकी ढेपेबद्दलही त्याने विचारलं, स्वस्त प्रथिन म्हणून. तिच्यात गॉसिपॉल असतं, ते माशांना मानवत नाही आणि लायसिन हे आवश्यक अमिनो आम्लही अडवून ठेवतं. ढेप म्हशीसाठीच राहू द्यावी.

ऑगस्ट

मे आणि जून दुधाळ पाण्याशिवाय गेले. मेलेले मासे पूर्ण थांबले असं नाही, मे महिन्याच्या शेवटी दोन उकाड्याच्या रात्री वीज गेली तेव्हा सिमेंटच्या टाकीत मोली गेल्या. त्याला खाद्य जबाबदार नव्हतं. टिनावर आता तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, थर आहे.

पावसाळ्यात नवीनच निघालं. ऑगस्टमध्ये त्याने सुक्या शेवेचा डबा उघडला तर कडेला करडी-हिरवी बुरशी. शिजवलेल्या स्टार्चची शेव हवेतली ओल शोषून घेते. जी बांधणी पाण्यात उपयोगी, तिनेच डब्यात घात केला. वाळवताना आतून ओल राहिली होती हेही खरं, श्रावणात सावलीत काय वाळणार. त्याला वाटलं बुरशीचा भाग चाळून टाकावा आणि उरलेला वापरावा. तसं चालत नाही. बुरशीने सोडलेलं अफ्लाटॉक्सिन दिसत नाही आणि भाजूनही सहजासहजी जात नाही. मग म्हणाला, कोंबड्यांना टाकू? कोंबड्यांनाही ते बाधतं, बदकांना तर फारच. साडेचार किलोचा डबा शेणखताच्या खड्ड्यात गेला.

आता पावसाळ्यात आठवड्यापुरतीच शेव पाडतात, रात्री चुलीच्या उबेला परातीत पसरतात आणि कडक वाजायला लागली की काचेच्या बरणीत भरतात, तळाशी पुरचुंडीत भाजलेले तांदूळ. डिसेंबरात जिलेटिन पुन्हा वापरू का, असं त्याने परवा विचारलं. वापर म्हटलं, वडी टाकण्याआधी थर्मामीटर पाहायचा आणि पाणी २५च्या वर असेल तर अगरच घ्यायचं. वहीत आता तापमानाचा रकाना आहे, रोज दोनदा भरलेला.